लिपिडचे कण करायला घेताय? आधी तूप थिजताना बघा

एम.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट ठरवायची वेळ आली की प्रत्येक बॅचमधली तीन-चार पोरं तरी सॉलिड लिपिड नॅनोपार्टिकल्स घेतातच, म्हणजे ड्रग आत अडकवलेले मेणचट चरबीचे अतिसूक्ष्म कण. कारण उघड आहे, माल स्वस्त, सॉल्व्हंटची कटकट नाही, आणि पहिल्याच दिवशी बीकरमध्ये दुधासारखं पांढरंशुभ्र काहीतरी तयार होतं, मग वाटतं की जमलं बुवा. मलाही तसंच वाटलेलं. तिसऱ्या आठवड्यात बाटली तिरकी केली तर आतलं हलेचना, दह्यासारखं लागलेलं, आणि तळाशी ड्रगचे चमचमणारे खडे. आता मी फॉर्म्युलेशनमध्येच नोकरी करते आणि दर वर्षी कॉलेजच्या ज्युनियर्सचे तेच ते प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मोठ्या प्लँटचं नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये १०० ग्रॅमची बॅच कशी करायची एवढंच.

आधी हे नक्की काय आहे

शरीराच्या तापमानालाही घट्ट राहील असा एखादा मेणचट पदार्थ घ्यायचा, तो वितळवून त्यात ड्रग विरघळवायचं, गरम पाण्यात त्याचे बारीक थेंब करायचे आणि ते थेंब थिजवायचे, झाले कण. ड्रग आत अडकलेलं असतं त्यामुळे हळूहळू बाहेर येतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत रायनर म्युलर यांनी हाय प्रेशर होमोजिनायझरने (मिश्रण प्रचंड दाबाने बारीक फटीतून काढणारं मशीन) आणि इटलीत तुरीनला मारिया रोझा गास्को यांनी मायक्रोइमल्शनच्या वाटेने हे कण केले, तिथून हा विषय वाढला.

एक घोळ आत्ताच मिटवू. कोविडच्या एमआरएनए लसींमधले लिपिड नॅनोपार्टिकल्स आणि आपले हे कण एक नाहीत. तिथे आयोनायझेबल, म्हणजे आम्लात विद्युतभार घेणारं लिपिड असतं, कामच वेगळं, बनवायची रीतही वेगळी. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, दोन्हींची मिसळ केलीत की बाहेरून आलेला परीक्षक तिथेच धरतो.

आणि हे सगळं फक्त थिसिसपुरतं असतं असं समजू नका. फायझरचं झीमॅक्स नावाचं औषध २००५ साली अमेरिकेत मंजूर झालं, ॲझिथ्रोमायसिनचा २ ग्रॅमचा एकच डोस, पावडरमध्ये पाणी घालून हलवायचं आणि प्यायचं. त्यातले कण ग्लिसरिल बेहेनेट हे मेणचट लिपिड आणि पोलॉक्झॅमर ४०७ यांचे आहेत. ते नॅनो नाहीत, बरेच मोठे आहेत, वितळलेलं मिश्रण फवारून हवेतच थिजवलेले. पण तत्त्व तेच आणि तुम्ही लॅबमध्ये जे लिपिड वापरणार तेही तेच.

रवाळ तूप

घरी तूप कढवताना बघितलंय ना? गरम तूप बरणीत ओतून ओट्यावर सावकाश निवू दिलं की छान रवाळ होतं, आणि घाईत फ्रीजमध्ये ठेवलं की गुळगुळीत, रवा नाहीच. तूप तेच, कढई तीच, फरक फक्त निवण्याचा. लिपिड थिजताना त्याचे रेणू कसे रचले जातात हे तो किती वेगाने थंड होतोय यावर ठरतं. घाईत थिजला तर विस्कळीत रचना, तिला अल्फा म्हणतात. हळूहळू ती बीटा-प्राइम आणि शेवटी बीटा होत जाते, म्हणजे एकदम शिस्तीत, विटांसारखी घट्ट. ट्रायस्टिअरिन घ्या, त्याचा अल्फा ५५ अंशांच्या आसपास वितळतो आणि बीटा ७३ च्या आसपास, डबा तोच.

आता ड्रग कुठे बसणार? विस्कळीत रचनेत फटी असतात तिथे. आणि रचना शिस्तीत आली की फटी बुजतात, ड्रगला बाहेर ढकललं जातं. माझ्या बाटलीत तळाला जे खडे दिसले ते हेच. म्हणून सांगते, या प्रोजेक्टमध्ये सगळे जण साइझच्या मागे धावतात, १८० नॅनोमीटर आला की १५० का नाही म्हणून रडतात, आणि बॅच खरी घडते किंवा बिघडते ती थंड होताना आणि नंतर कपाटात पडून असताना.

पायरी १: ड्रगला लिपिड मानवतंय का

ड्रग पाण्यात न विरघळणारं, तेलकट स्वभावाचं हवं. पाण्यात सहज विरघळणारं असेल तर ते गरम पाण्यात निघून जाईल, कणात काही उरणार नाही. मी इथे क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं औषध धरून चालते, कारण त्वचेवर लावायचं आहे, हळूहळू सुटलं तर फायदाच आहे, आणि सहज मिळतं.

पोरांचं आवडतं कर्क्युमिन, हळदीतलं. पिवळं दिसतं, फोटो छान येतात, फुकटात मिळतं. पण ७.२ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांना ते अर्ध्या तासात ९० टक्क्यांच्या आसपास मोडतं, मग २४ तासांचा रिलीज, म्हणजे कणातून किती ड्रग सुटलं ते, काढताना तुम्ही नक्की काय मोजताय? आलेख वर जायच्या ऐवजी खाली येतो आणि पोरं रात्रभर कॅलक्युलेशन तपासत बसतात. घ्यायचंच असेल तर हे आधी माहीत असू द्या.

लिपिड निवडताना छोट्या काचेच्या बाटल्यांत प्रत्येकी १ ग्रॅम लिपिड घ्या, ग्लिसरिल मोनोस्टिअरेट, ग्लिसरिल पामिटोस्टिअरेट, ग्लिसरिल बेहेनेट, स्टिअरिक ॲसिड, जे असेल ते. वॉटर बाथमध्ये वितळवा आणि १०-१० मिलिग्रॅम ड्रग टाकत हलवत राहा. जिथे धुरकट दिसायला लागलं, विरघळायचं थांबलं, ती मर्यादा. इथे बहुतेक जण थांबतात आणि तिथेच चुकतात. गरम असताना विरघळलं म्हणजे थिजल्यावरही आतच राहील असं नाही. त्या वितळलेल्या मिश्रणाचा एक थेंब स्लाइडवर घ्या, वरून कव्हरस्लिप, थंड होऊ द्या, आणि मायक्रोस्कोपखाली बघा, त्याच दिवशी आणि परत आठवड्याने. ड्रगचे वेगळे स्फटिक दिसायला लागले तर ड्रग कमी करा किंवा लिपिड बदला. फुकटची टेस्ट आहे, आणि तीन महिने वाचवते.

पायरी २: वजनं

सुरुवातीची माझी नेहमीची बॅच अशी, ग्लिसरिल बेहेनेट ५ ग्रॅम, क्लोट्रिमॅझोल २५० मिलिग्रॅम म्हणजे लिपिडच्या ५ टक्के, पोलॉक्झॅमर १८८ (सर्फॅक्टंट, म्हणजे थेंबांना एकमेकांना चिकटू न देणारा साबणासारखा पदार्थ) दोन ग्रॅम, आणि डिस्टिल्ड पाणी घालून एकूण १०० ग्रॅम. यावरून पुढे वर-खाली करत जा. आणि सोबत एक ब्लँक बॅच कराच, ड्रग न घालता. सगळे कंटाळा करतात आणि शेवटच्या महिन्यात डीएससीच्या (सॅम्पल तापवत कधी काय वितळतं ते दाखवणारी टेस्ट) वेळी ब्लँक शोधत फिरतात.

पोलॉक्झॅमरची पावडर गरम पाण्यात एकदम टाकली की गुठळ्या होतात, त्यापेक्षा थंड पाण्यात भुरभुरून थोडा वेळ ठेवा, विरघळलं की मग गरम करा.

पायरी ३: वितळवणं

ग्लिसरिल बेहेनेट साधारण ६९ ते ७४ अंशांत वितळतं, त्याच्या ५ ते १० अंश वर जायचं, म्हणजे ८० ते ८५. वॉटर बाथच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, थर्मामीटर बीकरच्या आत घाला, आमच्या लॅबमधल्या बाथवर ८५ दिसायचं आणि बीकरमध्ये ७७ असायचं. काठाला न वितळलेले तुकडे चिकटलेत का तेही बघा, एक जरी तुकडा राहिला तरी पुढे तेच बी होऊन बसतं आणि त्याभोवती थिजायला सुरुवात होते. लिपिड पूर्ण स्वच्छ झालं की ड्रग घाला, हलवा, परत काचेसारखं स्वच्छ दिसलं पाहिजे.

दुसऱ्या बीकरमध्ये पोलॉक्झॅमरचं पाणी, त्याच तापमानाला. अगदी त्याच. पाणी दहा अंशांनी थंड असलं तर ओतल्या ओतल्या लिपिडच्या भुग्यासारख्या गुठळ्या होतात आणि होमोजिनायझरच्या दांड्यावर मेण चढतं. आणि हो, ८० अंशांना पाणी उडून जातं, त्यामुळे बीकरचं वजन आधी लिहून ठेवा आणि शेवटी जेवढं कमी झालं तेवढं गरम पाणी परत घाला. नाहीतर तुमच्या ५ टक्क्यांच्या बॅचचे साडेपाच-सहा टक्के होतात आणि ॲसे, म्हणजे बॅचमधल्या ड्रगची मोजणी, ११० टक्के आली की सगळे यूव्ही मशीनला शिव्या घालतात.

पायरी ४: थेंब करणं

गरम पाणी लिपिडमध्ये ओतत हाय स्पीड होमोजिनायझर चालू करा, १०,००० आरपीएम, ५ मिनिटं, बीकर गरम बाथमध्येच असू द्या. दांडा मधोमध न धरता जरा बाजूला आणि नीट बुडलेला ठेवा, नाहीतर भोवरा होतो, हवा शिरते आणि ताकासारखा फेस. फेस आला की पुढचं सगळं बिघडतं, मोजमापही.

इथून पुढे दोन वाटा. कॉलेजमध्ये हाय प्रेशर होमोजिनायझर असेल तर ५०० बारला ३ सायकल. बास. जास्त दाब, जास्त सायकल म्हणजे आणखी बारीक हा समज सोडा, एका मर्यादेनंतर थेंबांमध्ये एवढी ऊर्जा येते की ते एकमेकांवर आदळून परत एक होतात आणि साइझ वाढतो. शिवाय ५०० बारला साधारण १० अंशांनी तापमान वाढतं, तेही धरून चाला.

मशीन मात्र आधी गरम करायचं. हे मी माझ्या पैशाने शिकले. पहिल्यांदा मी थेट बॅच ओतली, स्टीलचं मशीन थंडगार, लिपिड आतच थिजलं आणि व्हॉल्व्ह चोंदला. प्रेशरचा काटा वर वर चाललाय आणि खालून थेंब येत नाही. लॅबमधले मामा धावत आले, आधी मशीन बंद केलं, मग माझ्याकडे असं बघितलं की मी आजही विसरले नाही. दोन तास आम्ही केटलीने उकळतं पाणी आणत होतो, आणि मामा म्हणत होते, "मॅडम, थंड तव्यावर डोसा टाकता का?" तेव्हापासून बॅचच्या आधी ८५ अंशांचं पाणी मशीनमधून तीन-चार वेळा काढते, बाहेर येणारं पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम आलं की मगच माल.

मशीन नसेल तर प्रोब सोनिकेटर, ध्वनिलहरींनी थेंब फोडणारी दांडी. ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद, अशी ५ ते १० मिनिटं. लायपोसोमवाल्यांचं (लिपिडच्या पोकळ पिशव्या करणाऱ्यांचं) बघून बर्फात ठेवू नका, आपल्याला थेंब पातळच हवेत, म्हणून बीकर गरम पाण्यात. प्रोबची टीप झिजून टायटॅनियमचे कण पडतात, करडा गाळ दिसेल, तो हलक्या स्पीडला सेंट्रिफ्यूज करून काढा. कानाला इअरमफ लावा, त्या किंचाळण्याची सवय होते असं म्हणणाऱ्या सिनियरचं ऐकू नका.

पायरी ५: थंड करणं

आता तुमच्याकडे कण नाहीत, गरम इमल्शन आहे. घट्ट काहीच झालेलं नाही. कण आत्ता बनणार.

तीन भाग करून बघा, हे माझं आग्रहाचं सांगणं. एक भाग बर्फाच्या पाण्यात, सतत हलवत. दुसरा रूम टेंपरेचरला, हळू ढवळत. तिसरा गरम बाथ बंद करून त्यातच, रात्रभर निवू द्यायचा. तिन्हींच्या बाटल्यांवर वेळ आणि तापमान लिहा. मग साइझ, डीएससी, रिलीज तिन्हींचा काढा. एका दिवसाच्या कामात तुमच्या थिसिसचं अख्खं चॅप्टर उभं राहतं आणि गाईड सरही खूश.

तूप बरणीत थिजतं तसे हे कण थिजत नाहीत, ही एक गंमत. थेंब जेवढा बारीक तेवढा तो थिजायला आढेवेढे घेतो. ट्रायलॉरिन म्हणजे खोबरेल तेलातल्या लॉरिक ॲसिडचं ट्रायग्लिसराइड, डब्यात ते ४६ अंशांच्या आसपास वितळतं, पण त्याचे नॅनो थेंब केले की रूम टेंपरेचरला ते महिनोन्महिने पातळच राहतात. म्हणजे तुम्ही सॉलिड म्हणून लेबल लावलंय आणि आत तेल. हे डोळ्याला दिसत नाही, पांढरं दूध दोन्हीकडे सारखंच. बेहेनेटमध्ये ही भीती कमी, पण तपासायचं ते डीएससीवरच.

दुसरी गोष्ट बर्स्टची. पहिल्या तासात ४०-५० टक्के ड्रग भसकन बाहेर आलं की समजा ड्रग कणाच्या आत नाही, सालीवर आहे. होतं असं की गरम असताना बरंचसं ड्रग पोलॉक्झॅमरच्या पाण्यात उतरलेलं असतं, थंड होताना पाण्यात जागा राहत नाही म्हणून ते परत लिपिडकडे धावतं, तोवर आतला गाभा थिजून बसलेला, मग बिचारं बाहेरच्या थरात अडकतं. उपाय, सर्फॅक्टंट कमी करा, गरजेपेक्षा जास्त तापवू नका. बर्स्ट नेहमी वाईटच असं नाही हां, त्वचेवर लावायच्या औषधात सुरुवातीला थोडं पटकन सुटलेलं चालतं.

ड्रग बाहेर ढकललं जातंयच असं दिसलं तर लिपिडच्या १० ते ३० टक्के पातळ तेल मिसळा, ओलिक ॲसिड किंवा मिग्लिऑल. रचना शिस्तीत येतच नाही, फटी राहतात. यालाच नॅनोस्ट्रक्चर्ड लिपिड कॅरियर म्हणतात, नाव मोठं पण आयडिया एवढीच.

पायरी ६: मोजणं, आणि स्वतःला न फसवणं

साइझ: फिल्टर केलेल्या पाण्यात पातळ करून डीएलएसला द्या, प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा साइझ काढणारं मशीन. पीडीआय, म्हणजे कणांचे साइझ किती कमी-जास्त आहेत ते, ०.३ च्या खाली आला की चालतं. पण डीएलएसला मोठे, मायक्रॉनमधले कण नीट पकडता येत नाहीत, त्यामुळे रिपोर्टवर २०० नॅनोमीटर आणि बाटलीत खडे असं आरामात होऊ शकतं. म्हणून साध्या मायक्रोस्कोपखाली एक थेंब बघाच. झीटा पोटेंशियल, म्हणजे कणावरच्या चार्जचं माप, ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे नाही आलं म्हणून घाबरू नका, पोलॉक्झॅमर कणांना अंगाने लांब ठेवतो, चार्जने नाही, त्यामुळे उणे १५ असूनही बॅच टिकलेली मी बघितलीये.

एनट्रॅपमेंट, म्हणजे किती टक्के ड्रग कणात अडकलं: कण फिल्टरच्या ट्यूबमध्ये सेंट्रिफ्यूज करायचे, खाली आलेल्या पाण्यातलं मोकळं ड्रग मोजायचं, एकूणमधून वजा करायचं, एकूणने भागून १०० ने गुणायचं. ९८ टक्के येतं आणि सगळे पेढे वाटतात. थांबा. पाण्यात न विरघळणारं ड्रग कणाबाहेर पडून त्याचे खडे झाले असतील तर तेही फिल्टरच्या वरच अडकतात आणि तुमच्या हिशोबात "आत" धरले जातात. मी स्वतः ९७ टक्के लिहिलेल्या बॅचमध्ये नंतर खडे सापडले. आधी हलक्या स्पीडला फिरवून तळाला काही बसतंय का बघा, आणि फिल्टर स्वतःच ड्रग धरून ठेवत नाही ना ते नुसत्या ड्रगच्या सोल्युशनवर तपासा.

डीएससी: ब्लँक कण, ड्रगवाले कण, शुद्ध ड्रग, मूळ लिपिड आणि दोन्हींचं नुसतं कोरडं मिश्रण, पाच सॅम्पल. ड्रगचा पीक गायब झाला म्हणून लगेच "ड्रग अमॉर्फस आहे", म्हणजे स्फटिक नाही, असं लिहू नका, कारण लिपिड आधी वितळतं आणि ड्रग त्या गरम लिपिडात मशीनमध्येच विरघळू शकतं. कोरड्या मिश्रणात पीक दिसतोय का बघा, तिथेही नसेल तर त्या टेस्टने काहीच सिद्ध होत नाही, एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक तपासणं, तेच करा.

रिलीज: डायलिसिस बॅग, म्हणजे सुटलेलं ड्रग बाहेर जाऊ देणारी आणि कण आत ठेवणारी पिशवी, १२ ते १४ किलोडाल्टनची, आदल्या रात्री भिजवून ठेवलेली, ३७ अंश. इथली सगळ्यात मोठी फसवणूक म्हणजे मीडियाची, म्हणजे बॅगेबाहेरच्या द्रवाची. क्लोट्रिमॅझोल नुसत्या बफरमध्ये जवळजवळ विरघळतच नाही, मग २४ तासांत १५ टक्के सुटलं की पोरं म्हणतात काय मस्त सस्टेन्ड रिलीज आलाय. अहो, बाहेर जागाच नाही तर ते सुटणार कुठे! सगळं ड्रग विरघळायला जेवढा मीडिया लागेल त्याच्या निदान तिप्पट घ्यायचा, त्यासाठी बफरमध्ये थोडा मेथॅनॉल किंवा सर्फॅक्टंट घालावा लागेल, आणि त्याने कणच फुटत नाहीत ना हे ब्लँकवर आधी बघायचं. सोबत एका बॅगेत ड्रगचं नुसतं सोल्युशन ठेवा. तेही सहा तास घेत असेल तर तुम्ही कण नाही, बॅग मोजताय.

नंतर रिलीजच्या आकड्यांवर गणिती मॉडेल बसवायचं. त्यातल्या कॉर्समायर-पेपास मॉडेलसाठी फक्त पहिल्या ६० टक्क्यांपर्यंतचे पॉइंट घेतात, सगळे २४ तासांचे नाही. एक्सेलमध्ये पाचही मॉडेल टाकून ज्याचा आर-स्क्वेअर जास्त तो आमचा, हा प्रकार मीही केलाय, खोटं कशाला बोलू.

पायरी ७: कपाटातले तीन महिने

बॅच फ्रीजमध्ये, रूम टेंपरेचरला आणि जमलं तर ४० अंशांना अशी तिन्हीकडे ठेवा. आठवड्यातून एकदा तिरकी करून बघा, हलकेच. घट्ट होत चालली असेल तर कण गोल राहिले नाहीत, चपटे झालेत, बीटाकडे गेलेत, चपट्या कणांचा पृष्ठभाग वाढतो आणि तो झाकायला सर्फॅक्टंट पुरत नाही, मग ते एकमेकांना चिकटतात. ऊन, गरमी आणि जोरजोरात हलवणं, तिन्हींनी हे लवकर होतं. डीएलएससाठी सॅम्पल दुसऱ्या शहरात कुरिअरने पाठवणार असाल तर मे महिना टाळा. माझं एक पार्सल जळगावकडच्या उन्हात दोन दिवस गाडीत पडून होतं, पोचलं तेव्हा श्रीखंड झालेलं.

पावडर करून ठेवायची असेल तर फ्रीज ड्रायर, पण ट्रेहॅलोज किंवा मॅनिटॉलसारखी साखर घातल्याशिवाय नाही, नाहीतर परत पाणी घातल्यावर कण सुटे होतच नाहीत.

आणि धुणं. काम संपल्यावर मशीनमधून आधी ८५ अंशांचं साबणाचं पाणी, मग साधं गरम पाणी, मग थंड. उरलेलं वितळलेलं लिपिड बेसिनमध्ये ओतू नका, जुन्या कागदावर ओतून थिजवा आणि ड्रगच्या कचऱ्यात टाका. आमच्या लॅबचं बेसिन दोनदा तुंबलं, दोन्ही वेळा प्लंबरने पाइपमधून पांढरी कांडी ओढून काढली, आणि ती कुणाच्या बॅचची हे मामांना लांबूनच कळलं.